मुकादमांची मुंडकी

मुकादम पिशवी वापरत नसत. कापडी नाही, कागदी नाही, प्लास्टिकची तर नाहीच. आमच्या मुर्धा गावच्या बाजारातून निघाले की एका मुठीत चार कांदे, दुसऱ्या मुठीत दोन वांगी, काखेत कोथिंबिरीची जुडी. बोंबील घेतले तर ते केळीच्या पानावर ठेवून, दोन्ही तळहात पुढे धरून, आरतीचं तबक घेतल्यासारखे रस्त्याच्या कडेकडेनं चालत. अंडी सदऱ्याच्या ओच्यात. त्यातलं एखादं दारापर्यंत फुटलेलं असायचंच. कुणी पिशवी पुढे केली तर एक पाऊल मागे सरायचे. "नको गो. हात हायेत मला."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला प्रत्येक गोष्टीत पत्रक दिसायचं. यातही दिसलं. "या आजोबांना जमतं, तुम्हाला का नाही?" असं वर मोठ्या अक्षरात, खाली कांदे धरलेल्या हातांचं चित्र, त्याखाली प्लास्टिकबद्दल खरमरीत अकरा ओळी. गावालगतच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून मी ते वाटलं. मुकादमांनी वाचलं आणि खोकला येईपर्यंत हसले.

"चांगलं हाय," म्हणाले. "खोटं हाय, पण चांगलं हाय."

खोटं का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. छापून झालेल्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारायची मला सवयच नव्हती.

आम्ही चौघं होतो. नोकऱ्या सांभाळून अंगारे-धुपारे, बाबा-बुवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवा यांच्याविरुद्ध पत्रकं काढायचो. गठ्ठे ठेवायला जागा नव्हती. मुर्ध्यात मुकादमांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि ते एकटेच राहायचे. त्या आजोबांच्या पत्रकानंतर पुढची खोली त्यांनी आम्हाला दिली. अट एकच: छापायला जाण्याआधी प्रत्येक पत्रक त्यांच्या नजरेखालून जाईल. शिक्षण सातवीपर्यंत. तरी सुताराची जाड पेन्सिल घेऊन ते बसायचे आणि माझी विशेषणं खोडायचे. "निर्लज्ज" खोडायचे, "नराधम" खोडायचे. समासात लिहायचे, "गंज". मी भांडले की म्हणायचे, "पोरी, लोखंडावर गंज चढला की ते जाड दिसतं. भार घेत न्हाय."

घर मासेमारीचं, पण हा माणूस तरुणपणीच होडी सोडून लोखंडाकडे गेला होता. पुलांचे खांब नदीच्या तळात ठोकायचं काम. तिथंच मुकादम झाले आणि पुढे सगळ्या गावाचे मुकादमच राहिले. एका परदेशी कंपनीनं त्यांना पूल बांधायला बोर्नियोला नेलं. समुद्रापलीकडचं ते मोठं जंगलाचं बेट. तिथल्या दायाक लोकांच्या मुलखात ते सहा वर्षं राहिले. परत आले ते अर्धवट परतल्यासारखे. तिकडच्या एका बोटवाल्या मित्राच्या व्हॉइस नोट त्यांना शेवटपर्यंत यायच्या. मुकादम त्या भाषेत उत्तर द्यायचे, मध्येच मुर्ध्याची शिवी घालायचे आणि पलीकडचा माणूस ती शिवी बिनचूक परत करायचा.

आता मुंडक्यांचं सांगते.

पहिल्यांदा ऐकलं ती एक साधी दुपार होती. मी पत्रकांच्या घड्या घालत होते, ते चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, साफ करत होते. चिंबोरीचा नांगा मोडता मोडता म्हणाले, "डोक्याला ऊब लागते."

मला वाटलं सर्दीबद्दल बोलतायत.

"मुंडक्याला गो. टांगलेल्या. खाली चूल पेटती ठेवायची, न्हायतर त्याला थंडी वाजते."

मग सांगितलं. सगळं गाव एकाच लांबलचक लाकडी घरात राहतं, बाहेरून एक सलग पडवी, आणि त्या पडवीच्या आढ्याला वेताच्या जाळीत जुनी मुंडकी टांगलेली. माणसांची. शत्रूची. पणजोबा-खापरपणजोबांनी लढाईत तोडून आणलेली, धुरानं काळी झालेली. सणाला त्यांना भात द्यायचा, तांदळाची दारू द्यायची, गोड बोलायचं. तू आता परका नाहीस, आमचा आहेस, आमच्या शेताकडे लक्ष ठेव. मुंडी नवीन आली की घरातल्या बायका जिन्याशी जाऊन आपल्या हातानं विणलेल्या सगळ्यात चांगल्या कापडात ती झेलायच्या आणि तान्ह्या पोराला घ्यावं तशी घेऊन गाणी म्हणायच्या.

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. आणि हा माणूस चिंबोरीची पाठ उघडत होता!

"मुकादम, हे भयंकर आहे," मी म्हटलं.

"हाय."

"मग सांगताय काय कौतुकानं?"

"कौतुक कुठं केलं? बघितलं ते सांगितलं."

"खून केला आणि वर अंगाई गायली!"

"हां," ते शांतपणे म्हणाले. "आपल्यात खून करतात नि अंगाई बी गात न्हाईत."

मी तीन दिवस त्यांच्याकडे गेले नाही. चौथ्या दिवशी गेले, कारण पत्रकं तिथं होती. खरं म्हणजे पुढचं ऐकायचं होतं, आणि तेच मला जास्त चीड आणत होतं.

पुढचं आणखी वाईट निघालं. घरात कुणी मोठा माणूस गेला की सुतक लागायचं. दागिना नाही, घंटा वाजवायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही. आणि हे सुतक दिवस मोजून संपायचं नाही. नवीन मुंडी आली की संपायचं.

मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे एकाच्या सुतकापायी दुसऱ्याच्या घरात सुतक? आणि मग त्या घरानं काय करायचं?"

"त्यांनी पण मुंडी आणायची."

"आणि मग?"

"तेच तर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे त्यांना कळत नव्हतं असं वाटतं तुला? गोऱ्यांनी बंदी आणली. मग काही घरांत सुतक नुसतं अडकून पडलं. बाया वर्षानुवर्षं साध्या कपड्यात. शेवटी एका घरानं दुसऱ्या घराकडून जुनी मुंडी उसनी मागितली. होडीतून आणली, जिन्याशी झेलली, गाणी म्हटली, सुतक फेडलं नि परत नेऊन दिली. माझ्या बोटवाल्याच्या आजीचं सुतक उसन्या मुंडीवर फिटलंय. कुठं कुठं तर नारळावर भागवलं."

माझ्याकडे "बंद करा!" असं म्हणायची सोय होती, आणि त्यांनी तर ते कधीच बंद केलेलं होतं. कापण्याचा भाग काढून टाकला आणि झेलण्याचा ठेवला. माझ्या पत्रकांत अशा गोष्टीसाठी रकाना नव्हता.

"आता शाळा हायेत, देवळं हायेत, मोबाइल हायेत," मुकादम म्हणाले. "दायाक म्हंजे एक जात बी न्हाय. नदीगणिक माणसं वेगळी, रीत वेगळी. पण तुला मुंडकंच ऐकू येतंय."

खरं होतं ते. मला मुंडकंच ऐकू येत होतं.

मग ती अफवा आली. खाडीच्या अंगाला पुलाचं काम चालू होतं. एक व्हॉइस नोट मुर्ध्यातून शेजारच्या डोंगरी गावाकडे, तिकडून परत, प्रत्येक फोनवर फिरली. बाईचा रडका आवाज: "पुलाचा खांब उभा राहत न्हाय, त्याला मुंडी लागते, गोणी घेऊन माणसं फिरतायत, पोरं सांभाळा." शाळेच्या फाटकाशी आया तासभर आधी येऊन उभ्या राहायला लागल्या. माझं डोकं फिरलं. हे इथं, मोबाइलचं नेटवर्क असलेल्या, सोसायट्यांना लिफ्ट असलेल्या आमच्या गावात!

बसले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. त्यात एक ओळ होती: "आपण काय बोर्नियोतले मुंडकी तोडणारे रानटी दायाक आहोत?"

मुकादमांनी ते वाचलं. पेन्सिल उचलली नाही. उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले.

"तुला एक सांगतो. तिथं मुंडकी तोडणारा मी होतो."

मी हसले. ते हसले नाहीत.

"पुलाचं काम लागलं तशी तिकडं बी हीच अफवा सुटली. त्यांच्यात त्याला शब्दच हाय, पेन्यामुन. पुलाला मुंडी लागते म्हणून कंपनीनं ठेवलेला माणूस. परका असतो, काळा असतो, एकटा फिरतो नि पाठीला गोणी असते." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "मी वर नदीला एका घरात कोंबड्या आणायला गेलो. गोणीत माझं वेल्डिंगचं हेल्मेट. गोल, जड. पोरांनी ते बघितलं नि किंचाळत जिना चढली. पुरुष खाली आले, हातात कोयते. मला वर नेऊन त्याच पडवीत बसवलं. माझ्या डोक्यावर त्यांची सात मुंडकी टांगलेली. आणि समोर घरातला म्हातारा, महायुद्धात जपान्यांशी झालेल्या लढाईत ज्यानं स्वतः एक मुंडी आणलेली, तो माझ्या गोणीकडे बघून थरथरत होता."

खोलीत त्या दिवशीही चिंबोरीचा वास भरून होता. मला आठवतंय, मी खिडकी उघडायला उठले आणि न उघडताच परत बसले.

"मग?"

"म्हाताऱ्यानं हेल्मेट काढलं. आत हात घातला. खरंच रिकामं हाय ना, ते चाचपलं. मग मला भात वाढला. पण मी निघेपर्यंत त्या गोणीवर बूड टेकून बसला व्हता, पठ्ठ्या. नंतर ओळख झाली तेव्हा मी इचारलं, तुम्ही मुंडकी तोडणारे, तुम्ही कशाला भ्यायलात? तर म्हणाला, सरकारनं आमचं बंद केलं. म्हणाले, वाईट हाय. आम्ही ऐकलं. मग सरकारच लोखंड घेऊन आलं नि नदीच्या पोटात खांब ठोकायला लागलं. आम्हाला वाटलं, आमचं बंद केलं ते त्यांना स्वतःला मुंडकी पुरावीत म्हणून."

मला तो म्हातारा एकदम आवडला. मी वही ओढली. मुकादमांनी वहीवर हात ठेवला. "लगेच पत्रक काढू नको."

त्या दिवसापासून त्यांनी पाठीला गोणी लावली नव्हती, हातात पिशवी धरली नव्हती. तिकडे जीव वाचवायला सोडली आणि इकडे आल्यावर हात ऐकेनात. आणि मी त्यांना प्लास्टिकविरोधी आजोबा केलं होतं.

"रानटी" मी खोडलं. "दायाक" सुद्धा खोडलं. पण ते शब्द गेले तसं पत्रक मला मवाळ वाटायला लागलं. कुणी हातात घेणार नाही, असं वाटलं. साफ सांगते: मी मुकादमांना पुन्हा न दाखवता ते बदललं. वर अर्ध्या पानावर, काळ्या जाड अक्षरांत: "पुलाला मुंडी हवी?" शेजारी एक गोणी, बाजूला एक खांब. आणि खाली बारीक अक्षरात सगळं उत्तर. नाही, हवी नसते, खांब सिमेंट आणि लोखंडावर उभा राहतो, वगैरे. शीर्षकात प्रश्न टाकला की माणूस थांबतो, हे मला शिकवलं गेलं होतं. शनिवारी आम्ही ते घरोघर दिलं.

रविवारी सकाळी आमच्यातल्या एकाचा फोन आला. नुसतं एवढंच म्हणाला, "मुर्ध्याला ये. आत्ता."

रिक्षातून उतरले तर बसथांब्याजवळ शे-दीडशे माणसं. मध्ये एक जण जमिनीवर. बांधकामावरचा मजूर, ओडिशाचा, सुटीच्या दिवशी खाडीत चिंबोऱ्या पकडायला यायचा. बाजूला त्याची गोणी, ओली, आणि आत काहीतरी हलत होतं. कुणी ती उघडून बघितलीही नव्हती. उघडायला भीत होते, मारायला भीत नव्हते. त्याचा डावा हात कोपरापासून भलतीकडेच वळला होता.

एक बाई हातातला कागद नाचवत होती. "हे काय! छापून आलंय!"

कागद माझा होता.

"मावशी, खाली वाचा!" मी ओरडले. "खाली लिहिलंय, अफवा आहे!"

"खाली काय वाचू? वर मोठं लिवलंय ना!"

"ते मीच लिहिलंय!"

"तूच?" शेजारचा तरुण वळला. "म्हंजे तुला म्हायत व्हतं? नि पोलिसात नाय गेलीस? पत्रकं वाटत बसलीस?"

मी लोकांना बाजूला सारत होते आणि कुणी हलत नव्हतं. माझा आवाज मलाच शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखा ऐकू येत होता.

मुकादम कुठून आले ते मी पाहिलं नाही. ते ओरडले नाहीत. नावं घेत आत शिरले. "ए पांडू, सर. ए जना, तुझी म्हातारी तापानं पडली हाय ना, तू इथं काय करतंस? ए बाळ्या, पाय काढ त्याच्यावरून." ज्याचं नाव घेतलं तो माणूस क्षणभर गर्दीतून सुटा व्हायचा, वाट मिळायची. मध्ये पोचले. वाकले. आणि ती गोणी उचलून स्वतःच्या पाठीला लावली.

त्या पाठीला गोणी मी पहिल्यांदाच बघत होते.

"पुलाला मुंडी लागते ना?" ते म्हणाले. "मी जन्मभर पूल बांधले. ह्यानं एक तरी बांधलाय काय? ह्यो विटा उचलतो. मुंडकीवाला धरायचा तर मला धरा. गोणी बी हाय पाठीला. घ्या."

त्यांचा भाचा समोर होता, हातात काठी. काठी वर गेलेली. "मामा, खाली ठेव ती."

"तू ठेव पयली."

"मामा, मस्करी नको. आत काय हाय?"

"तू बघ. येतंस बघायला? मी फिरतो, तू गोणीचं तोंड सोड."

कुणी पुढे आलं नाही. तेवढ्यात एका चिंबोरीनं गोणपाटातून नांगा बाहेर काढून त्यांच्या पाठीला धरलं. सदऱ्यावर लाल ठिपका पसरत गेलेला मी पाहिला. ते हलले नाहीत. तोंड फक्त एका बाजूला आवळलं. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "चिंबोरी हाय ती," आणि मग दुसरं कुणी, "चिंबोऱ्याच हायेत रे." एवढंच. कुणी लाजलं नाही, कुणी माफी मागितली नाही. भाच्यानं काठी टाकली ती सुद्धा अशी, की जशी ती त्याची नव्हतीच. बायका पोरांना हाका मारत घरी गेल्या. पोलिसांची गाडी आली तेव्हा रस्त्यावर आम्ही चौघं, मुकादम, तो मजूर आणि माझी पत्रकं होती.

मुकादम गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिही, असं मला दोघातिघांनी सांगितलं आणि प्रत्येकाला गर्दीतली गोष्टच हवी होती. गावातही तीच सांगतात, थोडी वाढवून. आता म्हणे चिंबोऱ्या पन्नास होत्या. पण माझ्या मनात त्यांचं चित्र उभं राहतं ते दुसऱ्या दिवशीचं.

दुसऱ्या दिवशी ते मला सरकारी रुग्णालयात, त्या मजुराकडे, घेऊन गेले. रिक्षात बसल्यावर विचारलं, "पत्रक घेतलंस?"

"कशाला?"

"त्याला वाचून दाखव. त्याला कशापायी मारलं ते त्याला ठाऊक नको?"

"मुकादम, नाही जमणार मला."

"तू लिवलंस. मग वाचणार कोण, मी?"

मी रागावले. सांगायला लाज वाटते, पण त्याही वेळी मी रागावले. मारलं त्या दीडशे जणांनी, आणि वाचायचं मी? रिक्षा थांबवून उतरावं असं मनात आलं. मुकादम बाहेर बघत होते. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर पट्टीचा फुगवटा दिसत होता. मी उतरले नाही.

तो खाटेवर बसला होता. हाताला प्लास्टर, एका कानावर कापूस, वय माझ्याच एवढं. मुकादमांना बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला. मुकादम म्हणाले, "बैठ, बैठ. ये लडकी कुछ पढ़ेगी."

मी कागद उलगडला. मराठी वाचायचं आणि हिंदीत सांगायचं. पहिली ओळ वाचली. "पुल को... सिर चाहिए?"

त्यानं विचारलं, "ये मेरे बारे में है?"

"नाही. नहीं. किसी के बारे में नहीं."

"फिर मेरे को क्यों...?" त्यानं वाक्य सोडून दिलं. मग पानाकडे मान केली. "नीचे क्या लिखा है?"

"नीचे लिखा है कि नहीं चाहिए. झूठ है."

"अच्छा." तो त्या दोन आकारांच्या अक्षरांकडे बघत होता, मराठी वाचता येत नसूनही. मग रागावल्याशिवाय, खरोखरच समजून घ्यायला विचारावं तसं म्हणाला, "तो ये छोटा वाला बड़ा लिख देते, दीदी. ना?"

मला उठून जायचं होतं. उठायलाही लागले. मुकादमांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत बसवलं. त्यांचा हात जड होता, लोखंडाच्या कामाचा.

"सगळं वाच," म्हणाले. "अर्धं नको."

म्हणून मी सगळं वाचलं. सिमेंट, लोखंड, खांब कसा ठोकतात, अफवा कशी पसरते, विवेक, विज्ञान. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक ऐकत होते. एक नर्स दारात थांबली होती. शेवटी, चौकटीत, आमच्या प्रत्येक पत्रकाखाली असते ती ओळ आली. ती मी इतक्या वेळा छापली होती की वाचेपर्यंत तिच्यात काय आहे ते माझ्या लक्षातही नव्हतं.

"पढ़ने के बाद," मी म्हटलं, "आगे दीजिए."

त्यानं मान डोलावली आणि कागद घ्यायला चांगला असलेला हात पुढे केला.